कामिनोचा रस्ता निवडताना: समुद्राकाठचा शांत की आतला गर्दीचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कामिनोवरचा लेख वाचला, म्हणजे पोर्तुगालमधून चालत स्पेनमधल्या सांतियागोला जायची ती यात्रा. लेख छान होता, फोटो तर फारच छान, पण त्यात जे ठामपणे सांगितलंय की आतला रस्ता गर्दीचा आहे तो सोडा आणि समुद्राकाठचा शांत रस्ता धरा, तोच सोपा आणि तीच खरी यात्रा, ते वाचून मला राहवलं नाही. कारण आम्ही नवराबायको मागच्या मे महिन्यात हे दोन्ही रस्ते चालून आलोय, हे आतून आणि मी समुद्राकाठनं. लेख आल्यापासून भिशीतल्या दोघींचे, ह्यांच्या एका मित्राचा, जुळे सोलापुरातल्या ओळखीच्यांचा असे फोन येऊन गेले की मग आम्ही समुद्राचंच बुकिंग करू ना. म्हटलं एकेकाला सांगत बसण्यापेक्षा पेपरलाच लिहावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सांतियागो दे कोंपोस्तेला हे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातलं गाव, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये येशूचा शिष्य संत याकोब याची समाधी आहे असं मानतात आणि हजार वर्षांहून जास्त काळ लोक तिथं चालत येतायत. आपल्याकडं आळंदीहून, देहूहून, पैठणहून, शेगावहून पालख्या निघतात आणि पंढरपूर एकच, तसंच तिकडं, रस्ते पुष्कळ. फ्रान्सकडून येणारा सगळ्यात गर्दीचा, त्याच्या खालोखाल पोर्तुगालचा. २०२४ मध्ये जवळपास ५ लाख लोकांनी यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र घेतलं, आणि हा आकडा अख्ख्या वर्षाचा आणि सगळ्या रस्त्यांचा मिळून आहे. आषाढी एकादशीला एकट्या पंढरपुरात याहून जास्त माणूस असतं. त्यामुळं तिकडची माणसं ज्याला गर्दी म्हणतात ती ऐकून सोलापूरकरांनी बिचकायचं काही कारण नाही हे आधीच सांगून ठेवते.

आता पोर्तो या शहरातून निघालं की दोन रस्ते फुटतात. एक आतून जातो, बार्सेलोस, पोंते द लिमा, वालेन्सा, तुई असा, साधारण २४० किलोमीटर. दुसरा अटलांटिकच्या कडेकडेनं, विला दो कोंदे, एस्पोझेंदे, व्हियाना दो कास्तेलो, कामिन्या, मग नदी ओलांडून स्पेनमध्ये आ गुआर्दा, बायोना, विगो असा, साधारण २८० किलोमीटर. दोन्ही रेदोंदेला नावाच्या गावात एकत्र येतात आणि तिथून पुढचे ८५ किलोमीटर एकच रस्ता. म्हणजे समुद्राचा रस्ता सोपा म्हणताना तो ४० किलोमीटर जास्त आहे हे लेखात यायला हवं होतं. पन्नाशी साठीच्या माणसांना ४० किलोमीटर म्हणजे चालायचे दोन दिवस असतात.

आम्ही वेगळे का झालो ते सांगते. माझी आई त्याच्या आधीच्या मार्गशीर्षात गेली. ती आयुष्यभर कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जायची, सत्तरी ओलांडली तरी जायची, मी लहान असल्यापासून तिच्याबरोबर गेलेय. ४५ किलोमीटर, रात्रभर, सगळा हायवे माणसांनी भरलेला, ठिकठिकाणी चहा, केळी, दूध वाटणारी मंडळं, आणि दर दोन मिनिटाला कुठनं तरी आई राजा उदो उदो. आईला शेवटची दोन वर्षं विसरायला झालं होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नातवंडांची, मग माझं. ती गेल्यावर घरात सारखी माणसं, फोन, दहावा, बारावा, आणि मला रडायलाच आलं नाही. म्हणून मुलगी जर्मनीहून म्हणाली की आई तू चल माझ्याबरोबर, समुद्राकाठचा रस्ता शांत आहे, तुला कुणाशी बोलावं लागणार नाही, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ह्यांचं मात्र उलट. हे आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात मास्टर होते, यंत्रांच्या आवाजात आणि माणसांच्या गराड्यात राहिलेले, तीन वेळा दिंडीतून वारी केलेले, त्यांना एकट्यानं चालायचं म्हणजे काय तेच कळत नाही. ते म्हणाले तू समुद्र बघ, मी आतून येतो, रेदोंदेलाला भेटू. माझा रस्ता लांबचा म्हणून ते दोन दिवस पोर्तोतच थांबले आणि मग निघाले.

समुद्राचा रस्ता सुंदर आहे, त्याबद्दल लेखातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. सोलापूरच्या माणसाला समुद्र म्हणजे मुलांच्या सुट्टीतली गणपतीपुळ्याची चार दिवसांची ट्रिप, तो सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत डाव्या हाताला असतो आणि दहा दिवस असतो हे मनाला समजायलाच वेळ लागतो. वाळूच्या टेकड्यांवरून लाकडी फळ्यांचे मार्ग टाकलेत, मैलोन् मैल. आपुलिया नावाच्या गावाजवळ वाळूवर जुन्या पवनचक्क्या आहेत, त्या भागात पूर्वी लोक समुद्रातलं शेवाळ गोळा करून शेतात खत म्हणून टाकायचे. विला दो कोंदेला दगडी कमानींवरून पाणी आणायचा जुना कालवा आहे, एकामागं एक कमानी, बघत राहावं. पहिल्या चार दिवसांत मी मुलीशी दिवसाला दहा वाक्यं बोलले असेन. तिनंही बोलायला लावलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

पण वारा. त्याबद्दल लेखात एक शब्द नाही. तिथं उन्हाळ्याकडं उत्तरेचा वारा सुटतो, त्याला ते लोक नोर्तादा म्हणतात, आणि आपण चालतोय उत्तरेकडंच, म्हणजे तो वारा अख्खा दिवस तोंडावर. डोळ्यातलं पाणी वाळून जातं, कान दुखतात, टोपी उडते. वारा गार असल्यामुळं ऊन लागतंय हे कळत नाही आणि संध्याकाळी चेहरा सोलून निघतो. सोलापूरच्या ४३ डिग्रीत वाढलेली मी, मला ऊन लागेल असं वाटलंच नव्हतं, पण तिथं सावली म्हणून नाही, झाडच नाही. लाकडी फळ्या दिसायला छान पण त्या एकसारख्या सपाट, पाय दर पावलाला त्याच जागी त्याच पद्धतीनं पडतो, माझ्या टाचेला आणि गुडघ्याला चौथ्या दिवशी ते कळलं. सपाट म्हणजे सोपं असं धरून चालू नका.

कामिन्याला मिन्यो नदी समुद्राला मिळते आणि पलीकडं स्पेन. आम्ही गेलो तेव्हा मोठी फेरी चालू नव्हती, छोट्या मोटारबोटीनं पलीकडं सोडलं, दहा पंधरा मिनिटांचं काम. पण वारा जोरात असेल किंवा पाणी उतरलेलं असेल तर थांबावं लागतं, तेव्हा त्या दिवसाचं पुढचं बुकिंग घट्ट करून ठेवू नका. पलीकडं उतरलं की घड्याळ एक तास पुढं. माझ्या हातात आईचं एचएमटी होतं, चावीचं, फोन आपोआप बदलतो पण ते हातानं बदलावं लागतं. मी बोटीतून उतरून धक्क्यावरच्या दगडावर बसले आणि ती बारीक चावी ओढून काटा एक तास फिरवला, आणि मला एकदम वाटलं की आईनं आयुष्यात या घड्याळाला कधी इतका मोठा फेरा दिला नसेल, रोज आपली सकाळची चावी, दोन मिनिटं मागं पुढं, बस. तिथंही डोळ्यात पाणी आलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीचा टप्पा आ गुआर्दाहून ओइयाच्या बाजूला. खडकाळ किनारा, एका बाजूला डोंगर, मध्येच समुद्राकडं तोंड करून उभा असलेला जुना मठ. आणि वस्ती फार विरळ. जे एक हॉटेल आम्ही धरून चाललो होतो ते त्या दिवशी बंद. पाणी संपलं, माझ्या उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला होता तो फुटला, मोजा रक्तानं चिकटला, आणि मुलीनं जवळचं औषधाचं दुकान फोनवर शोधलं तर ते कित्येक किलोमीटर लांब. मागंपुढं माणूस नाही. मी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून राहिले आणि खरं सांगते, त्या वेळेला मला तामलवाडीच्या अलीकडचा तो तंबू आठवला जिथं कॉलेजची पोरं मांडी घालून बसलेली असतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याच्या पायाला मलम लावून पट्टी बांधतात, नाव गाव न विचारता. शेवटी पाऊण तासानं दोन चालणाऱ्या बायका मागून आल्या, त्यांच्याकडं पट्टी होती, पाणी होतं. त्या आल्या नसत्या तर काय केलं असतं माहीत नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र जवळ होती, त्यावर आम्ही दोघींनी ती दुपार काढली. भाकरी घरनं नेलेली, तिसऱ्या आठवड्यातही तशीच कुरकुरीत होती, तेवढी प्रत्येकानं बॅगेत ठेवावीच.

इकडं ह्यांचं काय चाललं होतं ते मला रोज रात्री फोनवर कळायचं. आतला रस्ताही काही गुलाबाच्या पाकळ्यांचा नाही, तेही लिहायला पाहिजे. पोर्तोतून बाहेर पडताना बराच वेळ गाड्यांच्या रस्त्यानं चालावं लागतं, काही ठिकाणी फुटपाथच नाही, भिंतीला चिकटून जायचं. गावागावातून दगडी फरसबंदी आहे, ओबडधोबड, तिच्यानं पोटऱ्या भरून येतात. रुबियाइशच्या आधी चढ आहे, साधारण ४०० मीटर उंचीपर्यंत जातो, आपला तुळजापूरचा घाट ज्यांनी पायी चढलाय त्यांना तो झेपेल पण पावसात निसरडा होतो. स्पेनमध्ये शिरल्यावर ओ पोरिन्योच्या आधी कारखान्यांचा पट्टा लागतो, तिथं जंगलातून जाणारा पर्यायी रस्ता आहे तोच घ्यावा. आणि मुक्कामाच्या जागा, ज्यांना तिकडं आल्बेर्गे म्हणतात, तिथल्या सरकारी जागांचं बुकिंग होत नाही, आधी येईल त्याला कॉट, त्यामुळं पहाटे पाचला लोकांची पिशव्या भरायची खुडबुड सुरू. एका खोलीत वीस तीस माणसं, घोरणं, ओल्या मोज्यांचा वास. गालिसियातल्या, म्हणजे सांतियागो ज्या प्रांतात आहे तिथल्या, सरकारी आल्बेर्गेचा दर १० युरोच्या आसपास, त्या मानानं स्वच्छ असतात.

पण ह्यांना इंग्रजी जेमतेम येतं, पोर्तुगीज शून्य, आणि तरी एक दिवस एकटं पडले नाहीत. पिवळे बाण दिसतात त्याच्या मागनं जायचं, ते बाण १९८० च्या दशकात स्पेनमधल्या एका डोंगरी गावच्या पाद्र्यानं, एलियास वालिन्यानं, स्वतः रंगाचा डबा घेऊन काढायला सुरुवात केली तेव्हापासूनचे. निळे बाण दिसले तर ते उलटे, पोर्तुगालमधल्या फातिमा या तीर्थाला जातात, ह्यांना पहिल्या दिवशी ते कुणी तरी हाताला धरून दाखवलं. बार्सेलोसच्या मुक्कामात एका कोरियन माणसाला रात्री पोटरीत गोळा आला, तो कळवळायला लागला, तर हे उठले आणि वारीत करतात तसं बसून त्याचे पाय चेपून दिले, खोबरेल लावून. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्या टोळीत पाय चेपणारे काका म्हणून माहीत झाले. ह्यांनी इथनं डझनभर आपले सोलापुरी नॅपकिन नेले होते कुणाला द्यायला म्हणून, ते बार्सेलोसपासून तुईपर्यंत संपले. बदल्यात काय काय मिळालं, संत्री, मलम, एका म्हाताऱ्या बाईनं अंगणात बसवून भाजीचं सूप, त्यात मांस चालत नाही हे तिला खुणेनं सांगितल्यावर तिनं वेगळं करून दिलं. शाकाहारी माणसांनी लक्षात ठेवा, तिकडच्या हिरव्या सूपमध्येसुद्धा सॉसेजची चकती असते, आधी विचारायचं.

दहाव्या दिवशी मी लंगडत रेदोंदेलात पोचले. गावाच्या डोक्यावरून रेल्वेचे उंच पूल जातात, त्याखालच्या एका चौकात हे बसलेले, आजूबाजूला सात आठ जण, आणि मला बघून त्यातला एक जण काही न बोलता उठला आणि खुर्ची दिली, दुसऱ्यानं माझी सॅक उतरवली. मी कोण हे त्यांना सांगावं लागलं नाही, ह्यांनी दहा वेळा फोटो दाखवला असणार.

पुढच्या टप्प्यात काल्दास दे रेइस म्हणून गाव आहे. तिथं गरम पाण्याचे झरे आहेत, फार जुने, आणि रस्त्यालगत एक दगडी कुंड आहे जिथं चालणारे लोक बूट काढून पाय सोडून बसतात. आम्ही बसलो. एका ओळीत सगळ्यांचे पाय, कुणाचे गोरे लाल झालेले, कुणाचे पट्ट्या लावलेले, ह्यांचे काळे रापलेले, माझी ती करंगळी, पाणी चांगलंच कढत, पहिल्यांदा पाय टाकला की ओढून घ्यावासा वाटतो आणि मग हळूहळू बाहेर काढवत नाही. तिथं बसून ह्यांनी मला पोंते द लिमाची गोष्ट सांगितली. त्यांना ती एका रिटायर्ड पोर्तुगीज माणसानं फोनवर भाषांतर करत करत सांगितली होती. गोष्ट अशी, की रोमन सैन्य त्या लिमा नदीपाशी आलं तेव्हा सैनिक पाण्यात उतरायला तयार होईनात, कारण त्यांना वाटलं ही ती विसरायला लावणारी नदी आहे, जो ओलांडेल तो आपलं घर, आपली माणसं, स्वतःचं नाव विसरेल. तेव्हा त्यांचा सेनापती एकटा पलीकडं गेला आणि तिथून एकेका सैनिकाला त्याच्या नावानं हाक मारली. त्याला सगळ्यांची नावं आठवत होती. मग सैन्य उतरलं. आता तिथं नदीच्या अलीकडं सैनिकांचे पुतळे आहेत आणि पलीकडं घोड्यावर तो सेनापती, ह्यांनी फोटो काढलेला तो दाखवला.

ती लिमा नदी मीसुद्धा ओलांडली होती. व्हियाना दो कास्तेलोला, १८७८ च्या त्या लांबलचक लोखंडी पुलावरून, वाऱ्यात टोपी धरून, अर्धा किलोमीटरच्या वर. तीच नदी. मला कुणी काही सांगितलं नाही कारण सांगायला बरोबर कुणी नव्हतं. आणि आई. शेवटच्या दिवाळीत तिनं मला विचारलं होतं, तुम्ही कोण म्हणालात. ते सगळं त्या कुंडावर बसून एकदम वर आलं आणि मी रडले, चांगली हमसून हमसून, अनोळखी माणसांच्या मध्ये, पाय पाण्यात. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. तिनं काही विचारलं नाही. मुलगी दुसऱ्या बाजूला.

म्हणून मी लेखकाला आणि वाचकांना मनापासून सांगते की गर्दीला असं दोष धरून बाजूला टाकू नका. शांततेनं मला काही दिलं नाही असं मी म्हणत नाही, ते दहा दिवस मिळाले नसते तर कदाचित ते रडू आलंही नसतं, कुणास ठाऊक. पण ज्या माणसाला भाषा येत नाही, ज्याची पहिलीच वेळ आहे, ज्याचे गुडघे कुरकुरतात, त्याला तुम्ही निर्जन रस्त्यावर पाठवताय हे लक्षात घ्या. अशांनी आतला रस्ता घ्यावा. दर थोड्या अंतरावर गाव आहे, सावली आहे, द्राक्षांचे मांडव आहेत, औषधाचं दुकान आहे, आणि मागून येणारं माणूस आहे. बरोबर धडधाकट तरुण माणूस असेल, वाऱ्याची आणि रणरणीत उन्हाची तयारी असेल, किंवा मनात असं काही असेल की ज्याला माणसांपासून थोडं लांब नेऊन बसवायचंय, तर समुद्र घ्या, जरूर घ्या. तोही यात्रेचाच रस्ता आहे. संताचा देह नावेतून समुद्रमार्गेच आला अशी श्रद्धा आहे, पाद्रोनच्या चर्चमध्ये वेदीखाली तो दगड दाखवतात ज्याला ती नाव बांधली होती. (याच पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तळून मीठ घालून देतात, दहातली एखादीच तिखट निघते, आपल्या माणसांनी खाऊन बघाव्या, फार बरं वाटतं.)

आणि दोन्हीतलं थोडं थोडं घ्यायचं असेल तर तेही जमतं. कामिन्यापर्यंत समुद्राकाठनं यायचं आणि तिथं बोटीत न बसता मिन्यो नदीच्या काठाकाठनं आत वालेन्साला जायचं, विला नोवा दे सर्वेरा हे सुंदर गाव वाटेत लागतं, म्हणजे तो विरळ वस्तीचा पट्टाही टळतो आणि तुईपासून पुढं सोबत मिळते. पुन्हा गेले तर मी हेच करणार आहे. ज्यांच्याकडं दिवस कमी आहेत त्यांना प्रमाणपत्रासाठी शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी चालावे लागतात, त्यासाठी आतून तुई किंवा किनाऱ्यानं विगो इथून सुरुवात करता येते, मात्र यात्रेच्या पासपोर्टवर रोज दोन शिक्के घ्यायला विसरू नका. शिक्के चर्चमध्ये, हॉटेलात, चहाच्या टपरीसारख्या दुकानातसुद्धा मिळतात.

एक गोष्ट लेखात राहिली ती सांगते. संत याकोबाचा दिवस २५ जुलै, तो रविवारी आला की ते पवित्र वर्ष धरतात. मागचं २०२१ होतं, कोरोनामुळं ते २०२२ पर्यंत वाढवलं, आता पुढचं २०२७. त्या वर्षी दोन्ही रस्त्यांवर माणूस जास्त असणार. ज्यांना गर्दी नकोच असेल त्यांनी २०२७ सोडून जावं, आणि समुद्राकाठी कायम निवांत असतं हेही आता फारसं खरं राहिलेलं नाही, किनाऱ्यानं चालणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहे, पोर्तोजवळच्या पट्ट्यात तर शनिवार रविवारी सायकलवाले आणि फिरायला आलेली कुटुंबंच जास्त दिसतात.

संपादकांना विनंती की हे अंतराचं, वाऱ्याचं आणि बोटीचं तेवढं पुढच्या पुरवणीत छापावं, म्हणजे लेख कापून ठेवलेल्या लोकांचं नुकसान होणार नाही. बाकी, या कोजागिरीला आम्ही दोघं रूपाभवानीच्या देवळापासून रात्री नवाला निघणार आहोत, आईचं घड्याळ हातात असेल. ज्यांना तिकडच्या रस्त्याचं काही विचारायचंय त्यांनी बरोबर चालावं, तुळजापूर येईपर्यंत सगळं सांगते.

आपली,
एक नियमित वाचक, सात रस्ता, सोलापूर